ट्रॉल्यांमधली फट

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. सासवडला जायचं असलं तरी मी देवापुढे दिवा लावून निघते, एस.टी.त ड्रायव्हरच्या मागची जागा घेत नाही आणि विहिरीत कधी डोकावत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असतील. अशा बाईनं नाचणाऱ्यांच्या गाडीत बसून बारामती आणि इंदापूर तालुक्यांत चार दिवस हिंडावं, हे आमच्या घरी अजून कुणाला पटलेलं नाही. पण शहाण्णव सालच्या पौषात मी खरोखर जाऊन आले. जाताना भीती होती ती उसातल्या सापांची नव्हती, ती पुण्याहूनच माझ्याबरोबर आली होती.

आधी आमच्या वेडाविषयी. पुण्यात बॅले बसवणाऱ्या एक बाई आहेत. बॅले म्हणजे पायाच्या अंगठ्यावर उभं राहायचं ते परदेशी नव्हे. पंधरावीस जणांनी मिळून गोष्ट नाचून सांगायची, त्याला आपल्याकडेही बॅलेच म्हणतात. या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांचा एकही प्रयोग आम्ही पाचसहा जण चुकवत नाही. त्यातले पाटणकर सगळ्यांत अट्टल. विद्यापीठात टंकलेखक होते, आता निवृत्त आहेत. प्रत्येक प्रयोगाला कुणी कुठली भूमिका केली, कुणाचा ताल कुठे सुटला, हे सगळं त्यांच्या वहीत असतं. एकदा मुंबईला त्यांनी रशियन मंडळींचा बॅले पाहिला आणि तेव्हापासून 'तिकडे असं चालत नाही' हे त्यांचं ध्रुपद झालं आहे.

बाईंचा सगळ्यांत गाजलेला बॅले म्हणजे 'नीरा'. नदीचीच गोष्ट. पूर्वार्धात डोंगरातून उतरणारी अल्लड पोर, उत्तरार्धात रानं भिजवत जाणारी बाई, आणि शेवटी नरसिंगपुराला भीमेला मिळणं. उत्तरार्धात नीरा धरणाच्या भिंतीवरून खाली येते, तिथे एक मोठी झेप आहे. लोक त्या झेपेसाठी येतात. अठरा वर्षं नीरा शालनताईंनी केली. प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र लिहायची. आमच्या दारात बकुळ आहे. तिची वाळलेली फुलं मी डबीत ठेवते, आणि एक फूल पत्राच्या घडीत घालते. शालनताईंनी उत्तर कधी पाठवलं नाही, मी अपेक्षाही केली नाही. रंगपटात भेटल्या की 'फूल पोचलं' एवढं म्हणायच्या.

त्याच्या आधीच्या दिवाळीपूर्वी एका प्रयोगात झेपेनंतर त्यांचा गुडघा मुडपला. सावरल्या, पण आम्ही पाहिलं. बाहेर चहाच्या गाड्यावर आमचं तासभर चाललं होतं. पाटणकरांचं म्हणणं, तिकडे पस्तिशीनंतर अशी भूमिका कुणी देतच नाही. मला तेव्हा वैजू डोळ्यांपुढे दिसत होती. बावीस वर्षांची, मागच्या रांगेत नाचणारी, पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं अशी. घरी आले आणि बाईंना पत्र लिहिलं. शालनताईंचा गुडघा आता झेपेला साथ देत नाही, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, नव्या मुलीला पुढे आणावं. ओळखू येऊ नये म्हणून अक्षर वळवून काढलं आणि खाली लिहिलं, 'एक रसिक'.

महिन्याभरात वैजू नीरा झाली. माझ्या पत्रानंच झाली असं नाही, बाई कुणाचं ऐकणाऱ्या नव्हेत. पण खाई त्याला खवखवे. शालनताई समोरून आल्या की मी वाट बदलायची.

अशात नीरेच्याच काठी 'नीरा' करायचं ठरलं. सांगवी, माळेगाव, बावडा, अशा तीन गावांत तीन प्रयोग. जेवणखाण आणि रंगमंच गावकरी करणार. बावड्याला मुंबईहून अनुदान ठरवणारे एक साहेब येणार होते. गाडीत दोन जागा रिकाम्या होत्या, त्या बाईंनी आम्हा दोघांना दिल्या. मी हरखून चढले, तर माझ्या शेजारच्या खिडकीशी शालनताई. त्या आता कपडेपट सांभाळत होत्या. मांडीवर इस्त्रीचं ओझं, वर त्यांची चामड्याची जुनी पर्स. मला म्हणाल्या, या, सरोजताई, ऊन तुमच्या बाजूला येईल, इकडे बसता का? तिथून बारामतीपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं.

सांगवी

बारामती सोडून दक्षिणेला वळलं की दोन्ही बाजूंनी ऊस. ऊस एवढा उंच आणि दाट की आपण गल्लीतून चाललोय असं वाटतं, आणि ही गल्ली संपतच नाही. समोरून ऊस भरलेली ट्रॉली आली की आमचा ड्रायव्हर गाडी थेट पाण्याच्या चारीच्या काठावर घेई आणि मी डोळे मिटी. पाटणकर मात्र मागे वळून मुलींना नाचासाठी सरकारनं काय करायला हवं ते सांगत होते.

सांगवीला ज्यांच्याकडे उतरलो त्या घरात चहाच्या आधी हुरडा आला. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, आणि दाणे लसणाच्या चटणीशी खायचे. आमच्याकडे पुण्यात हुरडा पुडीतून येतो आणि तो शिळा आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. घरधनीण वाढता वाढता मला विचारत होती की नाचणाऱ्या पोरींच्या आया बरोबर का आल्या न्हाईत. मी म्हटलं, मी आहे की. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आणखी एक मूठ दाणे दिले.

वैजूला प्रयोगाआधी नीरेच्या पाण्याला हात लावायचा होता. ती नीरा होणार होती, तर नको कशी म्हणणार? मी बरोबर गेले. घाटाच्या खाली पाणी संथ, काठाचे दगड शेवाळलेले. मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत होते, बस, तिथूनच हात लाव. ती हसली, आणखी एक दगड उतरली, आणि तिचा डावा पाय घोट्यातून वळला. पडली नाही, पण जो आवाज तिच्या तोंडून आला तो मी विसरणार नाही.

पाच मिनिटं ती पाय पाण्यात घालून बसली. मग म्हणाली, "मावशी, बाईंना सांगू नका. तुम्हाला माझी शपथ आहे. आज बदललं मला तर परत कोणी उभं करणार नाही."

मी कशाला कबूल झाले? कारण ती भूमिका तिला मिळावी म्हणून मीच कागद काळे केले होते. आता तिच्याकडून काढून घ्या म्हणायला माझं तोंड उघडेना. मी फक्त मान हलवली.

प्रयोग शाळेच्या पटांगणावर होता. रंगमंच म्हणजे उसाच्या चार ट्रॉल्या. बाजूचे फाळके पाडायचे, दोन-दोन शेजारी लावायच्या, वर जाजम अंथरायचं. त्या भागात लग्नापासून सभेपर्यंत सगळ्याला हीच पद्धत. मी जाजमावरून हात फिरवला तर मधोमध, दोन जोड्यांच्या सांध्यात, चार बोटांची फट लागली. फटीवर फळी टाकली होती, पण फळी हलत होती. झेप घेऊन नीरा उतरते ती नेमकी मधोमध. त्या दिवशी पाय गरम होता म्हणून निभावलं. झेप घेताना वैजू फळीच्या पलीकडे वीतभर उतरली, टाळ्या पडल्या, आणि पाटणकरांनी वहीत 'उत्तम' लिहिलं.

माळेगाव

सकाळी तिचा घोटा वांग्याएवढा सुजला होता. मी गुपचूप रक्तचंदन उगाळून लेप दिला. ती शालनताईंना टाळत होती. रोज घुंगरं शालनताई बांधायच्या, आज ही म्हणाली की मी बांधते माझी माझी. शालनताईंनी घुंगरं तिच्या हातात दिली आणि तिची पाठ वळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. मी दाराआड उभी राहून हे पाहत होते.

माळेगावात हवेला साखर कारखान्याच्या मळीचा वास. पहिल्या तासाला नाक धरावंसं वाटतं, दुपारपर्यंत गोड वाटायला लागतो. रस्त्यावर बैलगाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यात घंटा, आणि गाडीवानांच्या बायका गाडीखालीच चूल मांडून भाकरी थापतात. दुपारी आम्हाला बाजरीची भाकरी, भरलं वांगं आणि वाटीभर काकवी होती. काकवीत भाकरी बुडवून खायची हे मला तिथल्या एका कामगाराच्या आईनं शिकवलं. खाता खाता सुद्धा माझं लक्ष वैजूच्या पायाकडे होतं. ती मांडी घालत नव्हती, डावा पाय लांब ठेवून बसली होती.

तिथली एक चाल मला ठाऊक नव्हती. आमच्याकडे सत्कार असला तर पडदा उघडण्याआधी किंवा शेवटी. इथे मध्ये असतो. पूर्वार्ध संपला की निवेदक येतो, एकेका माणसाचं नाव घेतो, ती माणसं वर येतात, फेटा, नारळ, हार, दोन शब्द. पाऊण तास. कलेला आश्रय देणाऱ्यांचा मान गर्दी पांगायच्या आत झाला पाहिजे, असा त्यामागचा विचार, आणि तो चूक आहे असं मी म्हणणार नाही. जेवण त्यांचं, ट्रॉल्या त्यांच्या, गर्दीही त्यांनीच जमवलेली. पण नाचणाऱ्याचं अंग त्या पाऊण तासात गार पडतं. बाहेर थंडी अशी की तोंडातून वाफ येत होती. वैजू पातळ जरीच्या कपड्यात ट्रॉलीमागे उभी होती, एका पायावर.

उत्तरार्धात ती झेपेनंतर उतरली आणि तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग हसली, नाच पुरा केला. लोकांना कळलं नाही. पाटणकर म्हणाले, आज उतरणं जरा जड होतं, तिकडे असं चालत नाही. मला त्यांच्या वहीचे तुकडे करावेसे वाटले. एवढी बारीक नजर, आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं ते नाही दिसलं. पण त्यांना काय बोलायचं, मला सगळं माहीत असून मी तरी काय केलं होतं? त्या रात्री अंथरुणात पडून मी बाईंना सांगायची वाक्यं जुळवत होते. जुळत नव्हती.

बावडा

माळेगावहून पूर्वेला जाऊ लागलं की ऊस तुटक होत जातो. मुरमाड माळ, बाभळी, मधेच मेंढरांचा कळप, आणि डोकीला तांबडं मुंडासं बांधलेला माणूस आपल्याकडे न बघता चाललेला. बावडा मोठं गाव, बाजारपेठ चांगली. वीज संध्याकाळी सहाला जाणार होती, म्हणून प्रयोग दुपारी तीनला ठेवला होता. साहेबही तीनला येणार होते.

आमचं स्वागत गजीनं झालं. गजी हा धनगरांचा नाच. मोठा ढोल मध्ये, भोवती पंचवीसएक पुरुष, पांढरे अंगरखे, हातात रंगीत रुमाल. सुरुवातीला संथ, मग ढोल जागा होतो आणि रिंगण फिरायला लागतं. मी इतका वेळ घाबरलेली, पण त्या ढोलानं माझंही पाऊल हललं. पुढे नाचणारा माणूस सगळ्यांना चाल देतो. मधेच त्यानं रुमाल खांद्यावर टाकला, दोन पावलं मागे सरकला, आणि मागचा पुढे झाला. ढोल थांबला नाही, कुणी मान वळवून बघितलं नाही.

पाटणकरांनी वही काढून विचारलं की यातला मुख्य नर्तक कोण. उत्तर ज्यांनी दिलं ते तात्या. सत्तरीचे, पूर्वी मेंढरं होती, आता मुलं ऊस करतात. चाळीस वर्षं गजीत पुढे नाचले, आता आमच्या ट्रॉल्या लावायचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणाले, "मुख्य कोण न्हाय. ज्याचं पाय त्या टायमाला चालत्यात, त्यो पुढं."

पाटणकरांनी पेन टोपणात घातलं.

दुपारी एक वाजता मी ट्रॉल्यांपाशी गेले. तात्या चाकांना दगड लावत होते. मी फटीत हात घालून पाहिला. इथे पाच बोटं होती, कारण एक ट्रॉली जुन्या बांधणीची, तिचा कठडा वाकडा. तात्यांनी विचारलं, काय शोधताय. आणि काय झालं कुणास ठाऊक, बाईंना सांगायला जी वाक्यं जुळत नव्हती ती त्या परक्या म्हाताऱ्यापुढे भडाभडा बाहेर आली. घाट, शेवाळ, शपथ, सूज, झेप, साहेब. सगळं.

तात्यांनी दगड खाली ठेवला. "मी फळीवर दोन घोंगडी टाकतो, वरनं दोर आवळतो. फट बुजंल. पर पाय न्हाय बुजायचा," ते म्हणाले. "आन् ह्ये मला कशापायी सांगताय? जी आता पुढं हुनार तिला सांगा."

मी म्हटलं, मला शालनताईंची भीती वाटते.

"मग पोरीच्या पायाची कमी वाटती म्हणायची," ते म्हणाले आणि परत दगड उचलला.

एवढं रोखठोक मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. राग आला. रागाच्या भरातच मी रंगपटात गेले. तो एका घराच्या पडवीत होता. शालनताई वैजूचा उत्तरार्धाचा निळा शेला इस्त्री करत होत्या. मी शपथ मोडली. माझ्या तोंडून 'घोटा' शब्द निघताच त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"मला वाटलंच होतं, घुंगरं स्वतः बांधायला लागली तेव्हा," त्या म्हणाल्या. मी वाट बघत होते की आता त्या काही बोलतील. माझी जागा घेतलेल्या पोरीचं मला काय, असं म्हणतील ही मला भीती होती. पण त्या फक्त शेला घडी करून उठल्या आणि बाईंकडे गेल्या.

बाईंचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. तीन महिन्यांत तू नीरेला हात लावला नाहीस, साहेब समोर बसणार, तुझा गुडघा मला माहीत नाही का. शालनताईंचा आवाज येत नव्हता. शेवटी ठरलं ते असं. पूर्वार्धात झेप नाही, तो वैजूनं जेवढा झेपेल तेवढा करायचा. सत्कारानंतर उत्तरार्ध शालनताई करतील. नदी पोर असताना एक, मोठी झाल्यावर दुसरी.

वैजू बाहेर आली, माझ्यापाशी थांबली. रडली नाही. "मावशी, शपथ मोडलीत," एवढंच म्हणाली. त्यानंतर पुण्यात येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

साहेब साडेतीनला आले. पूर्वार्ध चांगला झाला. वैजू जपून नाचली आणि जपून नाचल्यामुळे की काय, जास्त गोड दिसली. मग सत्कार. साहेबांना फेटा बांधला, नारळ दिला, घोंगडं पांघरलं. त्यांनी ग्रामीण भागात कला रुजली पाहिजे असं दहा मिनिटं सांगितलं. आणि मग ते ट्रॉलीवरून उतरले, फेट्यासकट गाडीत बसले आणि सोलापूरला गेले. तिकडे त्यांना दुसरा कार्यक्रम होता. ज्या माणसाच्या धाकानं पोरगी तीन दिवस मोडका पाय लपवत होती, त्याला ती झेप बघायचीही नव्हती. मला हसू आलं आणि ते लगेच मावळलं.

कारण आता शालनताई येणार होत्या. पाऊण तास त्या कुठे होत्या ते मी मागे जाऊन पाहिलं. ट्रॉलीमागे तात्यांनी त्यांना आपलं काळं घोंगडं दिलं होतं. ते अंगाभोवती घेऊन त्या जागच्या जागी पाय आपटत होत्या, अंग गरम ठेवायला. त्यांनी मला पाहिलं नाही.

मग ढोलकी वाजली, घोंगडं खाली पडलं आणि निळा शेला वर आला. लोकांत थोडी कुजबुज झाली. माझ्या शेजारची बाई तिच्या सुनेला म्हणाली, "नदी थोरली झाली गं." एवढं बोलून ती समोर बघायला लागली.

मला आजवर खूप भीत्या वाटल्या, पण तशी कधी वाटली नाही. मी लिहिलं होतं की गुडघा साथ देत नाही. त्यानं आज साथ दिली नाही तर माझं पत्र खरं ठरणार होतं, दोन हजार माणसांसमोर, त्या फटीवर. आयुष्यात पहिल्यांदा मी आपण चूक ठरावं म्हणून देवाला नवस बोलले. पाटणकरांचं पेन थांबलं होतं.

धरण आलं. ताल चढत गेला. शालनताई कडेला उभ्या, हात वर. आता झेप. आणि त्या झेपावल्या नाहीत. ताल तसाच वाजत होता, आणि त्या हळूहळू चालत मधोमध आल्या, फटीच्या काठाशी थांबल्या, खाली पाहिलं. खरोखर खाली, फटीत. मग एक पाय उचलला, घोंगड्यावर ठेवून पाहिला, अंगाचा भार टाकला. मग दुसरा. भरलेल्या घागरी डोक्यावर घेऊन बाई ओढा ओलांडते तशा त्या पलीकडे गेल्या. दुसरा पाय ठेवताना गुडघा थरथरला. तो त्यांनी लपवला नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. आधी वाटलं, लोकांना आवडलं नाही. मग कळलं की कुणी हललंच नव्हतं. ढोलकीवाला एक मात्रा उशिरा आला, कारण तोही बघत होता. पाटणकरांना मी नंतर विचारलं, वहीत काय लिहिलंत. त्यांनी पान दाखवलं. 'झेप नाही' असं लिहून खोडलं होतं.

इंदापूर

दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी गाडीनं पुण्याला गेली आणि मी, वैजू, शालनताई इंदापूरला थांबलो. बसस्थानकाजवळ एका डॉक्टरांकडे एक्स-रेची सोय होती. घोट्याच्या हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टर फिल्म उजेडापुढे धरून म्हणाले, तुम्ही हिला वेळेवर थांबवलंत, यावर आणखी एक उडी पडली असती तर हाड सरकलं असतं. सांगवीच्या घाटावरून बावड्याला पोचायला मी दोन दिवस आणि दोन झेपा लावल्या होत्या, ती वेळ डॉक्टरांच्या हिशेबात नव्हती. वैजूला प्लास्टर घालायला आत घेतलं.

आम्ही दोघी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. समोरच्या हॉटेलातून चहा आला. मी शालनताईंना म्हटलं, काल तुम्ही फार मोठं काम केलंत. त्या म्हणाल्या की गुडघा रात्रभर ठणकला, तात्यांच्या सुनेनं वाळूनं शेकला. मग चहा संपवून त्यांनी मांडीवरची चामड्याची पर्स उघडली आणि दोऱ्यानं बांधलेला पत्रांचा गठ्ठा काढला. माझी पत्रं. अठरा वर्षांची. दौऱ्यावर जाताना बरोबर असतात, म्हणाल्या.

त्यातलं सगळ्यांत वरचं त्यांनी माझ्या हातात दिलं. घडी उघडली तेव्हा काहीतरी माझ्या पदरावर पडलं. वाळलेलं, तपकिरी, मधे भोक असलेलं. बकुळीचं फूल.

अक्षर मी वळवलं होतं. पाकीट दुसऱ्या पेठेतून टाकलं होतं. आणि सवयीनं, अठरा वर्षांच्या सवयीनं, घडीत फूल घातलं होतं. ते माझ्या त्या क्षणापर्यंत लक्षात नव्हतं. बाईंनी पत्र आलं त्याच दिवशी ते शालनताईंच्या हातात ठेवलं होतं. म्हणजे गाडीत 'ऊन तुमच्या बाजूला येईल' म्हणाल्या तेव्हा त्यांना माहीत होतं. पडवीत इस्त्री उभी ठेवली तेव्हाही.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. माफी मागितली असेन, रडले असेन.

"गुडघ्याचं खरंच लिहिलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्याचा राग नाही. या गठ्ठ्यात सगळ्यांच्या खाली तुमचं नाव आहे. या एकाच्याच खाली नाही. तेवढी सही करा."

त्यांनी पेन पुढे केलं. आतून वैजूचा आवाज येत होता, डॉक्टरांना विचारत होती, मी परत कधी नाचणार. मी कागद बाकड्यावर टेकवला. 'एक रसिक' याच्या खाली मी माझं नाव घातलं. शालनताईंनी वाचलं, फूल उचलून घडीत ठेवलं, गठ्ठ्याला दोरा बांधला.

"आता कालचं लिहा," म्हणाल्या. "न घाबरता."

हे तेच. घाबरतच लिहिलं आहे, तेवढं काही जमलं नाही. एक प्रत शालनताईंना पाठवते आहे, एक वैजूला. दोन्हींत फूल घातलं आहे.

— सरोज भिडे